एसीएलच्या (गुडघ्यातली हाडं जोडणारं लिगामेंट) शस्त्रक्रियेला चार महिने झाले, गुडघा दुखत नाही. कबड्डी सुरू करू का?

नाही, इतक्यात मैदानात उतरू नका. किमान नऊ महिने होऊ द्या. दुखणं थांबलं म्हणजे नवं लिगामेंट तयार झालं असं होत नाही. बसवलेला ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी जोडलेला ऊतीचा तुकडा) पहिल्या काही महिन्यांत उलट कमकुवत होतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरून तो हळूहळू पक्का होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं एकेका महिन्याने लांबवलं तसं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. कबड्डीत तर अचानक वळणं आणि पाय पकडला जाणं ठरलेलंच.

तोवर मांडीचा पुढचा स्नायू वाढवण्यावर खरा भर द्या, नेमका तोच सगळ्यात मागे राहतो: लेग प्रेस, स्टेप-अप, एका पायावरचे स्क्वॉट, सोबत हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं). व्यायामानंतर सूज आली, तर व्यायामातलं वजन कमी करा. ताकद आणि एका पायावरची उडी दोन्ही चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरल्याशिवाय, नऊ महिने झाले तरी, परतू नका. ही चाचणी फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या.

मेनिस्कसलाही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) टाके घातले असतील, तर खोल स्क्वॉट कधी सुरू करायचे हे सर्जनलाच विचारा.