माझं नाव समितीत घातलं कुणी?

मागच्या अंकात शाळा व्यवस्थापन समितीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर भरपूर पत्रं आली. आज त्यातली चार घेते. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणींनी विचारलाय.

प्रश्न: ताई नमस्कार, माझी मुलगी झेडपीच्या शाळेत चौथीला आहे. मागच्या महिन्यात शाळेतून सहीसाठी वही घरी आली तेव्हा कळलं की मी दोन वर्षं झाली समितीची सदस्य आहे! मला कुणी विचारलं नाही की मीटिंगला बोलावलं नाही. मागची पानं उलटली तर माझ्या नावापुढे सह्या पण आहेत, त्या माझ्या नाहीत. मालक म्हणतात कशाला वाकडं घेतेस, पोरगी तिथंच शिकतीय. पण माझ्या डोक्यातून जातच नाही. ही निवड नक्की होते तरी कशी?
— एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर: ताई, तुम्ही ती पानं उलटून बघितलीत हेच फार मोठं काम झालंय. बहुतेक जणी बोट ठेवलं तिथं सही करून वही परत देतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. सरकारी, झेडपीच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांना ती करावीच लागते. निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. दुर्बल आणि वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यायच्या. आपल्याकडे समिती साधारण १२ ते १६ जणांची असते, म्हणजे १६ ची असली तर १२ पालक, आणि उरलेल्या चार जागांत ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य, शिक्षक आणि गावातला शिक्षणातला कुणी जाणकार. मुख्याध्यापक सचिव असतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष मात्र पालकांतूनच, सरपंच किंवा गुरुजी अध्यक्ष होऊ शकत नाहीत. मुदत दोन वर्षं.

आता निवड. इथं मतदान यंत्र नाही की प्रचार नाही, सगळं होतं ते पालकसभेत. पटावर ज्यांची मुलं आहेत ते सगळे मतदार, आणि सभेची सूचना सगळ्यांच्या घरी वेळेत पोचली पाहिजे, नुसती फळ्यावर लिहून भागत नाही कारण कामावर जाणारी बाई फळा कधी बघणार. सभेत नावं सुचवायची, ज्याचं नाव आलं त्याला तिथंच विचारायचं बाबा तुझी तयारी आहे का, एकमत झालं तर ठीक नाहीतर हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून. मग निवडून आलेल्यांतून अध्यक्ष. हे सगळं इतिवृत्तात लिहून त्याच सभेत वाचून दाखवायचं आणि मगच सह्या. तुमच्याकडे झालं ते उलटं, आधी नावं लिहिली आणि सह्या नंतर कुणीतरी ठोकल्या. याला निवड म्हणत नाहीत आणि दुसऱ्याची सही करणं हा तर सरळ गुन्हा आहे.

मी स्वतः एका शाळेत समितीची अध्यक्ष होते म्हणून सांगते, एका दुपारच्या सभेनं काय फरक पडतो ते. जूनमधली सभा, वरांड्यात सतरंजी टाकलेली, बाहेर पाऊस. अध्यक्षपदाला आम्ही दोघी उभ्या होतो. वहीच्या मागच्या पानाच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि खिचडीचा तांदूळ मोजायचा डबा होता त्यातच टाकल्या. सात विरुद्ध पाच. मी निवडून आले आणि जिला पाच मतं पडली ती दुसऱ्या मिनिटाला उठून म्हणाली, आता निवडून आलोच आहोत तर त्या तांदळाच्या पोत्याचं वजन करूया. किराणा दुकानातून काटा आणला. ५० किलोचं पोतं ४६ च्या आसपास भरलं. कुणी कुणावर ओरडलं नाही, फक्त त्या दिवसापासून तांदूळ आला की दोन आया समोर उभ्या राहून मोजून घ्यायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. पुढच्या खेपेपासून पोती भरून यायला लागली. मुलांच्या ताटातला तो चार किलो तांदूळ मला अजून दिसतो, म्हणून मी या विषयावर इतकं लिहिते.

समितीचं काम एवढंच नाही. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा असतो, अनुदान कशावर खर्च झालं ते बघायचं असतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे संयुक्त शाळा अनुदान येतं ते ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार धरलेलं आहे, त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. संडासाला पाणी नसेल तर विचारायची जागा हीच समिती.

तुम्ही काय करायचं? मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, माझी संमती नव्हती, अमुक तारखांच्या सह्या माझ्या नाहीत, पालकसभा घेऊन समिती नव्यानं निवडा. एक प्रत आपल्याकडे ठेवा, तीवर पोच घ्या. अर्ज एकटीनं देऊ नका, चार आया मिळून द्या, तुमच्या मालकांना जी काळजी वाटतीय ती मग निम्मी होईल. हललं नाही तर केंद्रप्रमुख, आणि तिथंही नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. इतिवृत्ताच्या प्रती माहिती अधिकारात मागता येतात, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि कोऱ्या पानावर सही करू नका, कितीही घाई आहे म्हटलं तरी.

प्रश्न: आमच्या लहानपणी ‘स्कूल बोर्ड’ असायचं. वडील म्हणायचे स्कूल बोर्डाचा मेंबर म्हणजे मोठा माणूस. ते गेलं कुठं?
— एक वाचक, सातारा

उत्तर: काका, तुमची आठवण बरोबर आहे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात जिल्हा स्कूल बोर्डं होती, प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे, म्हणून मेंबरचा तो रुबाब. जिल्हा परिषद कायदा १९६१ चा, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरांत शिक्षण मंडळं त्यानंतरही बरीच वर्षं चालली, पण तिथं नगरसेवक सदस्य निवडायचे, पालकांना मत नव्हतं. आता तीही गेली. त्यामुळे आज मुलाच्या शाळेसाठी पालक स्वतः मत देतो अशी जागा ही समितीच, आणि जुन्या मेंबरापेक्षा तिचा अधिकार लहान असला तरी ती वर्गाच्या दारात आहे, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

प्रश्न: मुलगा पुण्यात खासगी इंग्रजी शाळेत आहे. आम्हाला ही समिती लागू आहे का? आणि अमेरिकेतली माझी बहीण एडिसनला असते, न्यू जर्सीत. तिथं म्हणे स्कूल बोर्डाची खरीखुरी निवडणूक होते. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, तिला मत देता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: विनाअनुदानित शाळेला कलम २१ लागू नाही. तुमच्याकडे पालक-शिक्षक संघ, तो फी नियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्यातला. त्याच्या कार्यकारी समितीत कोण पालक जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणून जूनमध्ये इच्छुक म्हणून नाव द्या, नाव दिलंच नाही तर चिठ्ठी निघणार कुठून. फीवाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो.

आता बहीण. तिकडे बोर्ड एका शाळेचं नसतं, अख्ख्या शाळा-जिल्ह्याचं असतं, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचं मिळून एक. एडिसनला नऊ सदस्य, मुदत तीन वर्षं, दरवर्षी साधारण एक तृतीयांश जागा निघतात. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, सदस्याला पगार नसतो, आणि मूल शाळेत असलंच पाहिजे असंही नाही, निवृत्त माणूसही उभा राहतो कारण शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो. सुपरिंटेंडंट म्हणजे या सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी नेमणं, बजेट, धोरण ही बोर्डाची कामं. पूर्वी निवडणूक एप्रिलमध्ये व्हायची आणि फार थोडे लोक यायचे, २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक जिल्ह्यांनी ती नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीला जोडली.

मत मात्र फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवाल्यानं न्यू जर्सीत मत दिलं तर देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, म्हणून ताईला सांगा, लायसन्सच्या कामाला गेलं की मतदार नोंदणीबद्दल विचारतात, तिथं चुकूनही हो म्हणू नकोस. सगळ्या अमेरिकेत असंच आहे असं नाही, सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या जनमतानंतर नागरिक नसलेले पालकही स्कूल बोर्डाला मत देतात, आणि न्यू जर्सीतल्याच नेवार्कमध्ये २०२५ पासून १६ वर्षांची मुलं मत द्यायला लागली. पण मत नसलं तरी आवाज आहे. बोर्डाच्या बैठका जाहीर असतात आणि लोकांनी बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो, त्यासाठी कुणी पासपोर्ट विचारत नाही. दिवाळीची सुट्टी, बसचा थांबा, जे असेल ते माइकवर जाऊन सांगता येतं.

प्रश्न: मुलगा-सून ऊसतोडीला जातात, दोन नातवंडं माझ्यापाशी राहून शाळेत जातात. मी समितीत बसू शकतो का? शाळेत म्हणाले फक्त आई-बाप चालतात.
— एक आजोबा, बीड जिल्हा

उत्तर: बसू शकता बाबा. कायद्यात आई-बापांबरोबर ‘पालक’ म्हणून मुलाचा सांभाळ करणारा माणूसही धरलाय, आणि सांभाळ तुम्हीच करताय. शाळेत जाताना कुणा शिकलेल्या माणसाला कायद्याची प्रत घेऊन बरोबर न्या आणि व्याख्या वाचून दाखवा.

तुमच्या पत्रानं मला अजून एक गोष्ट सुचली. दसरा-दिवाळीला टोळ्या गेल्या की निम्मं गाव रिकामं, आणि समितीची निवड जर डिसेंबरात घेतली तर ज्यांच्या पोरांचं शाळेवाचून सगळ्यात जास्त नुकसान होतं त्यांचंच मत पडत नाही. तुमच्या गावात सभा जून-जुलैमध्ये लागली पाहिजे, टोळ्या घरी असताना. ही मागणी लेखी करा, ऊसतोडीला जाणाऱ्या सगळ्या घरांच्या सह्या नाहीतर अंगठे घ्या. हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आई-बाप तोडीला गेले की मुलांना गावातच ठेवायच्या सोयीचा, विषयही त्याच सभेत घ्या, तुमच्यासारखा आजोबा ज्यांच्या घरी नाही ती लेकरं फडावर जातात.