विमा एजंटाची पहिली वेबसाइट: आधी शाखेत विचारा

रंग, अ‍ॅनिमेशन राहू द्या. आधी मजकूर लिहा आणि शाखेत दाखवा. एजंटाच्या जाहिरातीला विमा कंपनीची लेखी मंजुरी लागते, आणि आपली वेबसाइट ही जाहिरातच. मी आधी पान चढवलं, मग विचारलं. आठवड्यात उतरवावं लागलं.

नवे लोक हमखास घसरतात ते इथे:

- 'पहिला हप्ता आमच्याकडून!' कमिशनातून सूट द्यायला विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ची मनाई आहे; दंड १० लाखांपर्यंत. तोंडी कबूल करणारे पुष्कळ भेटतील, तुम्ही लेखी पुरावा ठेवू नका म्हणजे झालं! थट्टा सोडा, देऊच नका.
- न जाहीर झालेल्या बोनसला (कंपनीच्या नफ्यातून पॉलिसीधारकाला मिळणाऱ्या वाट्याला) 'खात्रीशीर' म्हणणं.

फॉर्ममध्ये नाव-नंबर पुरे. आजारपण, पॅन तिथे विचारू नका. कॅल्क्युलेटर नंतर बघू.