सासऱ्यांची गुडघ्यांची गोळी, बीपीची गोळी आणि नागपूरचा मे महिना

ताई, तुम्ही लिहिलंय की सासरे ६७ वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात म्हणून तीन महिन्यांपासून दुकानातून आणलेली ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी रोज दोनदा घेतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी आधीपासून आहेच. आता पायांवर सूज येते, बीपी १६० च्या खाली उतरत नाही, आणि डॉक्टर बीपीचं औषध वाढवायचं म्हणतात. वाढवू द्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात मानेवाड्याकडे बरीच वर्षं औषधाचं दुकान चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, म्हणून औषध वाढवायचं की नाही हे मी सांगणार नाही. पण निर्णय होण्याआधी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर पडलीच पाहिजे: बाबा रोज दुखण्याची गोळी घेतात. डॉक्टरांना हे माहीत नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. "कोणती औषधं सुरू आहेत?" असं विचारलं की माणसं बीपीची सांगतात, शुगरची सांगतात. गुडघ्याची गोळी कुणी औषधात मोजतच नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड ही सगळी एकाच कुळातली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनतात, त्यांच्यामुळे सूज येते, ठणका लागतो. या गोळ्या ती बनूच देत नाहीत, म्हणून आराम पडतो. पण हीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीत रक्त आणणारी बारीक नळी मोकळी ठेवतात. ती बनायची थांबली की किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. मग पाय सुजतात, बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी पडतो. बाबांना जे होतंय त्यामागे हे कारण असू शकतं. तसं असेल तर एका गोळीचा त्रास निस्तरायला दुसरी गोळी वाढेल, आणि पहिली तशीच सुरू राहील.

मला जास्त काळजी किडनीची वाटते. टेल्मिसार्टन किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी काढतं. आणि दुखण्याची गोळी आत येणारी नळी आवळते. तिन्ही एकत्र आली की रक्त गाळायला लागणारा दाबच पडतो. डॉक्टर मंडळी या तिघांच्या जोडीला फार जपून असतात. त्यात आपला उन्हाळा. पारा ४५ च्या वर, नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) रात्रीसुद्धा उकाडा. कुलरसमोर बसून घाम कळत नाही, पण अंगातलं पाणी जातच असतं. शिवाय म्हातारी माणसं, विशेषतः लग्नाला किंवा एसटीने गावाला जायचं असलं की, वाटेत लघवीला उठावं लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. किडनी अचानक बसायला एवढं पुरतं. ऊन लागलं, उलट्या-जुलाब झाले, तर त्या दिवशी दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका, आणि बीपीच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

(डायक्लोफेनॅकने भारतातल्या गिधाडांचं काय केलं हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. हे औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडापेक्षा ते कितीतरी बरं सहन करतं, पण किडनीला ते निर्धोक नव्हे एवढं लक्षात राहावं.)

दुकानात रोज ऐकू येतं, "काही नाही होत ना भाऊ, सोबत गॅसची गोळी घेते मी." त्या गोळीतल्या पॅन्टोप्राझोलने जठराला बऱ्यापैकी आधार मिळतो हे खरं, पण किडनी, बीपी, हृदय यांना त्याचा काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे, "इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही." तेही चूक. औषध रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच, मग ते तोंडाने घ्या की सुईने. बाबा हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण आयबुप्रोफेनमुळे ॲस्पिरिनचा रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि दोन्हीमुळे पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. आणि गावाकडून कुणी वातावरची बिननावाची पुडी आणली तर घरात ठेवूसुद्धा नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

मग पॅरासिटामॉल बरं का? किडनी-पोटासाठी बरंच बरं, पण मोजून. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. किरकोळ अंगाचे, दारू घेणारे किंवा लिव्हरचा त्रास असलेले यांना त्याहून कमी, आणि किती ते डॉक्टरच ठरवतील. गडबड होते ती वेगवेगळ्या नावांमुळे. तापासाठी ६५० ची गोळी चारदा घेतली की २६०० मिलिग्रॅम झाले. सर्दीच्या गोळीत ५०० असतं, ती तीनदा घेतली की १५००. बेरीज ४१००, आणि माणूस म्हणतो मी तर दोन वेगळी औषधं घेतली. बाबांच्या गुडघ्याच्या गोळीतही पॅरासिटामॉल आहेच. जास्त झालं तर पहिल्या दिवशी नुसतं मळमळतं किंवा काहीच वाटत नाही, लिव्हरचं नुकसान पुढे दिसतं. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सगळ्यात चांगला. म्हणून लक्षणांची वाट न बघता थेट मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत न्यायचं.

पावसाळा लागला की आणखी एक. ताप आला आणि डेंग्यूची शंका असली तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काहीही नको, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलच, तेही ठरलेल्या मात्रेत.

तुम्ही जाताजाता लिहिलंत की स्वतःच्या डोकेदुखीवर तुम्हीही जवळपास रोज गोळी घेता. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी दुखण्याची गोळी महिनोन् महिने चालली, तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. हेही डॉक्टरांना दाखवा, टाळू नका.

आता बाबांसाठी काय करायचं ते. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गुडघ्याची गोळी आजपासून थांबवा आणि या आठवड्यातच दोन्ही गोळ्यांचे पत्ते (स्ट्रिप) हातात घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसतं नाव सांगू नका, पत्ताच दाखवा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम (किडनीसाठीच्या रक्ततपासण्या), लघवीची तपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्यावं का, हे तुम्हीच विचारा. हिमोग्लोबिन अशासाठी की पोटातून थोडं थोडं रक्त जात असेल तर ते तिथे दिसतं. पायावर सूज आहे, तेव्हा पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या. तोवर गुडघ्याला शेक द्या, आणि डॉक्टर हो म्हणाले तर वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल वापरता येईल, ते रक्तात फार थोडं जातं. फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. दोन दिवसांत फरक पडत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण काही आठवडे नेमाने केले की बऱ्याच जणांना जिना चढणं सोपं होतं.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, रक्ताची उलटी झाली, लघवी एकदम कमी झाली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि गाडीत बसल्याबसल्याच सांगा की दुखण्याची गोळी तीन महिन्यांपासून सुरू होती.