पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये अपडेट (नोंदी बदलणारी क्वेरी) रेंगाळतंय?
आधी एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली, किती वेळ लागला ते दाखवणारी कमांड) लावून बघ, पण बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच, म्हणजे बदल शेवटी मागे घेतला जाईल. कारण ती कमांड अपडेट खरोखर चालवते. व्हेअरमधल्या (अटीतल्या) कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसेल तर अख्खं टेबल चाळलं जाताना दिसेल.

खरी गोम पुढे आहे. पोस्टग्रेस रो (टेबलमधली ओळ) जागच्या जागी बदलत नाही, नवी प्रत लिहितं. जुनी व्हॅक्यूम (जुन्या प्रतींची साफसफाई) होईपर्यंत पडून राहते. व्हॅल्यू तीच असली तरीही! म्हणून अशा रो 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' लावून वगळ. नलचंही (व्हॅल्यूच नसण्याचंही) त्यात निभतं. बदलणारा कॉलम कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्या रोच्या पानात (डिस्कवरच्या ब्लॉकमध्ये) जागा असेल, तर इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही. त्यासाठी फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं ते) 100 वरून 90 वर आण. लाखो रो असतील तर तुकड्यातुकड्याने, दरवेळी कमिट (बदल पक्का) करत. आणि दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स ठोकत सुटू नकोस, बाबा.