वाचक विचारतात : ॲप बांधण्याआधीचा शोध

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं सांगली, मिरज, तासगाव आणि साताऱ्याकडच्या छोट्या सॉफ्टवेअर टीमची आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण मूळ एकच : काय बांधायचं हे ठरवायचं कशाच्या जोरावर? प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये या कामाला प्रॉडक्ट डिस्कव्हरी म्हणतात. पहिल्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे, कारण टीमचे महिने आणि पैसे बहुतेक वेळा तिथेच अडकतात.

प्रश्न : आम्ही सहा जणांनी द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवायचं ॲप केलं. सुरुवात करण्याआधी मिरज, तासगाव, पलूस भागातल्या ४० बागायतदारांना भेटलो. ३६ जण म्हणाले, "असं ॲप आलं तर नक्की वापरू." चार महिने झाले, नियमित नोंद करणारे फक्त ९ जण आहेत. आमचं विचारण्यात काय चुकलं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पुढचं विचारलंत, झालेलं विचारलं नाहीत. "वापराल का?" याला आपल्याकडे जवळजवळ नेहमी "हो"च मिळतं. बांधावर पाव्हणे आलेत, चहा झालाय, पोरं मनापासून काहीतरी करतायत. त्यांना तोंडावर नाही कोण म्हणणार? ती ३६ उत्तरं खोटी नव्हती, आपुलकीची होती. मागणीचा पुरावा म्हणून मात्र ती धरता येत नाहीत.

विचारायचं असं : शेवटची फवारणी कोणत्या वारी झाली? डाऊनीसाठी की भुरीसाठी (द्राक्षावरचे दोन बुरशीजन्य रोग)? औषध कुणी सुचवलं? टाकीत पाणी किती, औषध किती? हे कुठं लिहून ठेवलंय? दाखवता का? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. वही निघाली, कॅलेंडरवर खुणा निघाल्या, दुकानदाराची बिलं तारेला अडकवलेली दिसली, तर गरज आहे हेही कळतं आणि ती आज कशी भागते हेही. काहीच निघालं नाही, तरी ते उत्तरच आहे. ज्याला आजवर कागदावर नोंद ठेवायची गरज पडली नाही, तो मोबाईलवर ठेवेल असं धरून चार महिने घालवणं धोक्याचं.

दुसरी चूक निवडीची. ४० जणांचं उत्तर तुम्ही एकत्र मोजलंत, पण त्यांची निकड एक नाही. युरोपला माल पाठवणाऱ्याची बाग अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत असते, द्राक्षात औषधाचा अंश किती उरलाय याची तपासणी होते, शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस त्याला पाळावेच लागतात. नोंद चुकली तर कंटेनरच अडकायची भीती. बेदाणा करणाऱ्यावर किंवा देशी बाजाराला माल देणाऱ्यावर हा दाब तितका नसतो. म्हणून नवे ४० जण शोधत फिरण्याआधी त्या ९ जणांकडे जा. त्यातले निर्यातीचे किती, नोंद घरातलं कोण करतं, कधी करतं आणि एखादी नोंद राहिली तर पुढं काय होतं, एवढं नीट काढा. मग सोडून गेलेल्यांपैकी ६ जणांना भेटा आणि शेवटची नोंद केली त्या दिवसापासून बोलायला लावा.

तिसरी गोष्ट बसून बोलण्यात सापडत नाही. निर्णय मालकाचा, सल्ला कृषी सेवा केंद्रवाल्याचा, ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालवणारा तिसराच. त्याचे हात औषधानं ओले, मोबाईल घरी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनीच्या धास्तीनं फवारण्यांवर फवारण्या येतात, म्हणजे नोंदींची गर्दी असते तेव्हाच लिहायला सवड नसते. एक अख्खी फवारणी, टाकी भरण्यापासून ब्लोअर धुण्यापर्यंत, बाजूला उभं राहून बघा. मध्ये काही सुचवू नका. नोंद मालकानं करायची की दुकानाच्या बिलावरून आपोआप उचलायची, हा तुमच्या उत्पादनातला सगळ्यात मोठा प्रश्न असेल असं आम्हाला वाटतं, आणि तो त्या उभं राहण्यातच सुटेल.

भेटीची शिस्त अशी ठेवा. दोघांनी जायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं समोरच्याच्याच शब्दांत लिहायचं. ४५ मिनिटं पुरतात. पहिली ३० मिनिटं ॲपचं नावही काढायचं नाही, कारण एकदा स्क्रीन दिसली की माणूस रंग आणि बटणांवर बोलायला लागतो. मालकाच्या ऐवजी भावकीतलाच कुणी उत्तरं द्यायला लागला तर नंतर मालकाला एकट्याला गाठा. त्याच संध्याकाळी २० मिनिटं बसून एक पान करा : काय पाहिलं, काय ऐकलं, आपण काय अर्थ लावला. हे तीन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर महिन्याभरात आपला अंदाजच "शेतकरी म्हणाले" म्हणून फिरायला लागतो. एका गटातल्या ६ ते ८ भेटी करा. लागोपाठ तीन भेटींत नवं काही निघालं नाही की त्या गटापुरतं थांबा.

प्रश्न : बेदाण्याच्या सौद्यांसाठी ऑनलाइन बोलीची यंत्रणा करायचा विचार आहे, म्हणजे परराज्यातला खरेदीदार घरबसल्या बोली लावू शकेल. आमच्या हिशोबानं पाच महिने आणि १२ लाख लागतील. एवढं घालण्याआधी दोन-तीन आठवड्यांत काही पारखता येईल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : येईल, आणि त्यासाठी एकही ओळ कोड लागणार नाही.

आधी एका कागदावर ही कल्पना कशाकशावर उभी आहे ते लिहा. अमेरिकी सल्लागार मार्टी केगन यांनी मांडलेले चार धोके त्याला उपयोगी पडतात : लोकांना हे हवंय का, त्यांना ते वापरता येईल का, आपल्याला बांधता येईल का आणि धंदा म्हणून ते टिकेल का. बहुतेक टीम तिसऱ्याच प्रश्नावर वेळ घालवतात, कारण तो त्यांच्या हातातला असतो. तुमच्याबाबतीत बोलीचं सॉफ्टवेअर बांधता येईल यात शंका नाही. मग तिथून सुरुवात कशाला?

खरा धोका पहिल्यात आहे. बेदाणा घेणारा नमुना हातात घेतो, रंग बघतो, मणी दाबतो, चिकटपणा बघतो, दाताखाली घालतो. हे सगळं सोडून फोटोवर तो पैसे लावेल का? याचं उत्तर "नाही" आलं तर बाकी काहीच उरत नाही, म्हणून हेच आधी तपासायचं. दुसरा धोका चौथ्या प्रश्नात : बाजार आवारातली बोली परवानाधारकानंच लावायची असते, त्यावर सेस आहे, तोलाई-हमाली आहे, आणि बाहेरच्याचं पेमेंट थकलं तर ते कुणाच्या अंगावर, अडत्याच्या की तुमच्या? पहिल्याच आठवड्यात बाजार समितीच्या सचिवांना आणि दोन अडत्यांना भेटून हे लेखी टिपून घ्या. पुष्कळ टीम हा भाग शेवटाला ठेवतात आणि तयार सॉफ्टवेअर घेऊन परवान्याच्या दारात अडकतात.

चाचणी अशी करता येईल. दोन अडत्यांकडचे मिळून १२ लॉट निवडा. सगळे उत्तम नकोत, हिरवा, पिवळा आणि काळपट असे तिन्ही रंगांचे घ्या. प्रत्येक लॉटचे फोटो एकाच जागी, एकाच वेळी, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. ६ लॉटचे फक्त फोटो पाठवा. उरलेल्या ६ लॉटच्या फोटोंबरोबर २५० ग्रॅमचा नमुना हवाबंद पिशवीत कुरिअरनं पाठवा. खरेदीदार ८ ते १० घ्या आणि त्यातले निम्मे तरी त्या अडत्यांच्या ओळखीचे नसलेले हवेत. बोली व्हॉट्सॲपवर घ्या, आणि सौद्याच्या दिवशी ती आवारातल्या परवानाधारक खरेदीदारामार्फत लावा. यंत्रणेचं सगळं काम तीन आठवडे तुमचा एक माणूस हातानं करेल.

निकाल कसा वाचायचा हे सुरू करण्याआधी लिहून सगळ्यांनी सही करा. उदाहरणार्थ : १२ पैकी किमान ४ लॉटवर बाहेरची बोली स्थानिक बोलीइतकी किंवा वर आली, त्यातल्या किमान दोघांनी अनामत भरून माल उचलला आणि माल पोहोचल्यावर तक्रार एकापेक्षा जास्त आली नाही, तर पुढं जायचं. बोली एका लॉटवर किंवा एकाही नाही, तर थांबायचं. मधलं काही आलं, तर अडलं कुठं ते शोधून आणखी एक फेरी करायची. आकडे तुमच्या धंद्याच्या हिशोबानं बदला, पण चाचणी संपल्यावर बदलू नका. पाच महिन्यांच्या स्वप्नात गुंतलेल्या माणसाला दोन बोलीही पुरेशा वाटायला लागतात.

बिघडतं कुठं, तेही सांगून ठेवतो. अडत्या ओळखीच्या खरेदीदाराला फोन करून "एवढी बोली लाव" म्हणतो आणि आकडा फुगतो. म्हणून अनामत हाच पुरावा धरा, बोली नव्हे. पॅकिंग ढिलं असलं तर नमुना ओल धरतो आणि लॉटशी जुळत नाही. फोटोवाले आणि नमुन्यावाले लॉट वेगळे मोजले नाहीत तर नेमकं कशामुळं जमलं ते कळत नाही. फक्त नमुन्यावाल्या लॉटवरच बोली आली, तर तुमचं उत्पादन बोलीचं ॲप नसून नमुने पोहोचवायची सेवा असू शकतं. तसं निघालं तर ते खुल्या मनानं मान्य करा. १२ लाखांपेक्षा ती माहिती मोठी आहे.

प्रश्न : मिरजेतल्या रुग्णालयांसाठी अपॉइंटमेंटचं ॲप करतोय. पाच जणांवर चाचणी घेतली की पुरे, असं ऐकलं. पाच खरंच पुरतात?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तो आकडा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्यामुळे पसरला. एखादी अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना येते असं धरलं, तर पाच जणांत ती एकदा तरी दिसायची शक्यता साधारण ८५ टक्के निघते. म्हणजे हा आकडा वापरताना कुठे अडखळायला होतं ते शोधण्यापुरता आहे. ॲपला मागणी आहे का, हे त्यातून कळत नाही.

शिवाय पाच म्हणजे एका प्रकारचे पाच. तुमच्याकडे किमान तीन प्रकार आहेत : स्वागतकक्षावरची व्यक्ती, पेशंटबरोबर आलेला नातेवाईक आणि कर्नाटकातून येणारा कन्नडभाषक पेशंट. तिघांचे वेगळे पाच घ्या. "ॲप कसं वाटलं?" असं विचारू नका, काम द्या : "उद्या सकाळी ११ ची वेळ घ्या, मग ती परवावर न्या." मग गप्प बसा. ते अडले तरी निदान ३० सेकंद मदत करू नका.

आणखी एक हिशोब ध्यानात ठेवा. दहा जणांपैकी एकालाही अडचण आली नाही, तरी खऱ्या वापरात ती २५ टक्क्यांपर्यंत लोकांना येत असू शकते. औषधाचा डोस किंवा पैसे यांच्याशी जोडलेल्या स्क्रीनसाठी दहा जण कमीच.

प्रश्न : आमच्याकडे रोडमॅप, म्हणजे पुढं काय बांधायचं याची यादी, मालक आणि सेल्स ठरवतात. "कराडच्या मोठ्या ग्राहकानं मागितलंय" म्हटलं की काम सुरू. डिस्कव्हरीला वेळ मागितला की "एवढा वेळ कुठाय?" हे उत्तर. काय करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वेळ मागू नका, सेल्सच्या माणसाबरोबर त्या ग्राहकाकडे जा. तिथं तीन गोष्टी काढा : हे नसल्यामुळे शेवटचं नुकसान कधी झालं, तेव्हा त्यांनी काय करून निभावलं आणि नेमकं कोण अडलं होतं. पुष्कळदा मागणी "रिपोर्ट द्या" अशी येते आणि दुखणं निघतं ते असं, की अकाउंटंटला दर शनिवारी एक्सेलमध्ये तेच आकडे परत टाकावे लागतात. मालकांना नाही म्हणण्यापेक्षा ही एक पानाची नोंद समोर ठेवलेली चांगली. ग्राहकाचे शब्द त्यांनाही टाळता येत नाहीत.

रोजच्या कामात बसवायचं तर आठवड्याला दोन भेटी, कायम त्याच वारी. प्रॉडक्ट बघणारा, डिझायनर आणि एक डेव्हलपर, तिघांनीही आळीपाळीनं का होईना, जायला हवं. डेव्हलपरला वगळू नका. काय स्वस्तात होईल हे त्याला माहीत असतं, आणि अडचण डोळ्यांनी पाहिली तर तो निम्म्या कामात भागेल असा उपाय सुचवू शकतो.

प्रश्न : आमचे २०० ग्राहक आहेत. दोन डिझाइनमध्ये ए-बी टेस्ट घ्यावी का?
— एक वाचक, विटा

उत्तर : नको. ए-बी टेस्ट म्हणजे निम्म्या ग्राहकांना एक डिझाइन, निम्म्यांना दुसरं दाखवून आकडे ताडून बघणं. १०० पैकी १० जणांच्या जागी १२ जण खरेदी करतात एवढा फरक खात्रीनं पकडायला नेहमीच्या हिशोबानं (९५ टक्के खात्री, आणि ८० टक्के पकड, म्हणजे फरक खरंच असेल तर तो दिसायची शक्यता) प्रत्येक बाजूला साधारण ३,९०० लोक लागतात. तुमच्याकडे प्रत्येक बाजूला १०० आहेत. त्यात १० चे २५ झाले तरच काही ठामपणे म्हणता येईल. त्यापेक्षा ८ ग्राहकांना दोन्ही डिझाइनवर तेच काम करायला द्या. निम्म्यांना आधी पहिलं, निम्म्यांना आधी दुसरं, कारण दुसऱ्यांदा करताना हात बसलेला असतो.

आणि भेटी रेकॉर्ड करत असाल तर आधी विचारून, कशासाठी ते मराठीत सांगून, होकार घेऊनच करा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा पाया हा होकारच आहे. नोंदीच्या पानावर नावाऐवजी "बागायतदार ३" किंवा "अडत्या १" असा क्रमांक टाका, आणि कोणता क्रमांक कुणाचा ही यादी एकाच व्यक्तीकडे ठेवा.