तलफ, तलप आणि ते ‘आनंदद्रव्य’

प्रश्न असा आलाय: व्यसनमुक्तीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चाललंय, त्यात ‘क्रेव्हिंग’ला ‘तीव्र लालसा’ लिहू की ‘आसक्ती’, आणि डोपामाइनला, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या त्या रसायनाला, ‘आनंदद्रव्य’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार, काहीच नाही चालणार. आनंदद्रव्य, आनंदरस, हॅपी हार्मोन, हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. आणि ‘आसक्ती’ कीर्तनात ठीक आहे हो, पण तंबाखू खाणारा माणूस रात्री अकरा वाजता पानपट्टी उघडी सापडते का बघायला चप्पल घालून निघतो तेव्हा ‘मला आसक्ती झाली’ म्हणतो का? तो म्हणतो, तलफ आली. शब्द घरात पडलेला असताना तुम्ही बाजारात कशाला फिरताय?

आता ही तलफ कुठून आली ते बघा, मजा तिथेच आहे. एक मत असं की अरबीत ‘तलफ’ म्हणजे नाश, उर्दूतल्या हकतलफीतला, म्हणजे हक्क बुडवण्यातला तो, आणि व्यसनाने नाश होतो म्हणून तलफ. अक्षरं तंतोतंत जुळतात म्हणून लोक खूश. पण हा उपदेश झाला, व्युत्पत्ती नाही झाली. चहाच्या तलफेने कुणाचा नाश झालाय? दुसरं मत ब्रज बोलीतल्या ‘तलफना’चं, म्हणजे पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तडफडणं. हे ऐकायला गोड आहे, पण सकाळच्या चहासाठी माणूस तडफडत नाही, नुसता स्वयंपाकघराकडे बघत बसतो.

माझं म्हणणं, तलफ म्हणजे तलब. हिंदीवाले आजही सिगरेटची ‘तलब’च म्हणतात. ब चा फ कसा झाला विचाराल तर पायऱ्या आपल्याच भाषेत आहेत: ‘ज़ब्त’चं आपण जप्त केलं, म्हणजे ब चा प झाला, हिंदीतल्या ‘तोप’ची तोफ केली, म्हणजे प चा फ झाला. तलब, तलप, तलफ. मधली ‘तलप’ तर अजून लोकांच्या तोंडात जिवंत आहे, पुरावा आणखी काय पाहिजे? यावर मला ‘दोन उदाहरणांवर नियम होत नाही’ असं ऐकवणारे विद्वान भेटलेत, त्यांना माझा नमस्कार, त्यांनी स्वतःच्या नाशवाल्या मताला एक तरी पायरी दाखवावी.

आणि अरबीत तलब म्हणजे काय? शोधणं, मागणं. त्याच धातूचा तालिब म्हणजे विद्यार्थी, ज्ञान शोधणारा, तालिबानातला तोच. मतलब म्हणजे जे शोधलं जातं ते, म्हणून अर्थ आणि म्हणून स्वार्थही. म्हणजे तलफेत आनंद कुठेच नाहीये, नुसता शोध आहे. डोपामाइनचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना हे कळायला किती वर्षं गेली बघा. 1954 साली माँट्रियलला ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या, कळ दाबली की विजेचा हलका झटका, आणि उंदीर कळ दाबतच राहिले. सगळे म्हणाले, सापडलं सुखाचं केंद्र! पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवून टाकलं, तर ते उंदीर समोरच्या अन्नाकडे जाईनात, भरवलं नाही तर उपाशी मेले असते, पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारख्याच मिटक्या मारत होते. आवड शाबूत होती, गेली होती ती तलफ. मराठीत हा फरक आयता आहे, चटक वेगळी आणि तलफ वेगळी. चटक जिभेला लागते, तलफ ‘येते’, आणि आली की तहानेसारखी ‘भागवावी’ लागते. तलफ उपभोगली असं कोणी म्हणत नाही.

माझंच सांगतो. तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली. परवा एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने चुन्याच्या डबीचं झाकण टक् करून उघडलं आणि माझा डावा हात आपोआप पसरला, तळवा वर. नुसत्या आवाजाला. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगातल्या माकडांचं हेच झालं होतं: सुरुवातीला फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी पेटायच्या, रसाआधी दिवा लागतो हे कळल्यावर त्या दिव्यालाच पेटायला लागल्या, रस आला तरी गप्प, आणि दिवा लागून रस आलाच नाही तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही खाली जायच्या. निकोटिन, कोकेन, हेरॉइन, प्रत्येकाची वाट वेगळी, कोकेन तर वापरून झालेलं डोपामाइन परत आत खेचणारा पंपच बंद करतं, पण शेवटी सगळी याच वायरिंगवर येऊन बसतात. पार्किन्सनच्या, म्हणजे हातपाय थरथरण्याच्या आजाराच्या, काही रुग्णांना डोपामाइनची नक्कल करणारी औषधं दिली की आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस जुगाराला लागतो. आनंदी होत नाही हो तो, जुगाराला लागतो!

अजून एक, ‘डोप’वरून, म्हणजे अमली पदार्थाच्या इंग्रजी बोलीतल्या नावावरून, डोपामाइन हे जे फिरतंय ते पण थांबवा. डोप मूळचा डच आहे, तिथे त्याचा अर्थ कालवण, सॉस. डोपामाइनमधलं ‘डोपा’ हे डायऑक्सिफिनाइलअ‍ॅलॅनिन या लांबलचक रासायनिक नावाची आद्याक्षरं, बाकी काही नाही.

हां, तुमची पुस्तिका. क्रेव्हिंगला तलफ लिहा, डोपामाइनला डोपामाइनच राहू द्या. तलप लिहिलंत तरी मी भांडणार नाही, उलट मला बरंच वाटेल, पण तुमचा मुद्रितशोधक भांडेल.