आजोबांना गेम खेळू द्या

टोरांटोहून एका आईचं पत्र आलंय: "मुलगी गेम डिझाइन शिकते. डिसेंबरच्या सुट्टीत देवगडजवळ आजोळी राहून तिने खाडीवरचा एक छोटा गेम केला. होडी घेऊन पलीकडे जायचं, ओहोटीत रुतायचं नाही. माझ्या वडिलांनी दोन मिनिटं पाहिलं आणि 'पण हे भरतीक तिथी खंय आसा?' म्हणत फोन परत दिला. मुलगी हिरमुसली. आम्हालाही वाटतं, एवढी फी भरून हेच शिकायचं का? तिला काय सांगू?"

ताई, तुमच्या वडिलांनी नाक मुरडलेलं नाही. त्यांनी गेम नीट पाहिला आणि नेमकं काय चुकलंय ते एका वाक्यात सांगितलं. तिच्या वर्गात यालाच प्लेटेस्टिंग म्हणतात, म्हणजे गेम दुसऱ्याला खेळायला देऊन चुका शोधणं, आणि इतका जाणता खेळाडू तिला तिथे मिळायचा नाही.

तिच्या गेममधलं पाणी बहुधा घड्याळावर चालतं. आजोबांचं पाणी चंद्रावर चालतं. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्याचा हा तोंडी हिशेब. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. हे सगळं कोडच्या मोजक्या ओळींत बसेल, पण खेळ पार बदलेल. नुसती बटणं भराभर दाबून भागणार नाही. कुठल्या तिथीला, किती वाजता होडी सोडायची हे खेळणाऱ्याला आधी ठरवावं लागेल. मला तरी असा गेम खेळायला फार आवडेल.

म्हणून तिला म्हणावं, थोडे दिवस लॅपटॉप बाजूला ठेव. गणपतीला गावी जाल तेव्हा पडवीत मोठा कागद पसरून खाडी काढा, होडीच्या जागी चिंचोका ठेवा, आणि आजोबांनाच पाणी वरखाली करू द्या. कुठे रुततं, कुठून वळसा घालतात, हे ते हाताने दाखवतील. प्रश्न विचारून ते बाहेर येत नाही. त्या वेळी तुम्ही मात्र गप्प बसा. "बाबा, इथून न्या" हे आपल्या तोंडून पटकन निघतं आणि तिथेच प्रयोग फसतो. त्यांचं बोट कुठे अडलं, एवढंच मुलीने टिपून घ्यायचं.

जमलं तर त्याच फेरीत सावंतवाडीला जाऊन गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, बघा. दशावतारी गंजिफात 10 रंगांची 120 गोल पानं असतात. दिवसा खेळ बसला तर उतारी रामाच्या राजाची, रात्री बसला तर कृष्णाच्या. बाहेरची वेळ खेळाच्या नियमात कशी येते, हे तिला तिथे आयतं दिसेल.

मजकूर मराठीत ठेवायचा असेल तर एक तांत्रिक गोष्ट. गेम बनवायला गोडो हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर 2023 मध्ये आलेली चौथी आवृत्ती किंवा त्यानंतरची घ्यावी. आधीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात. फक्त गोष्ट सांगून वाटा निवडायला लावायच्या असतील तर ट्वाइन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरीही नीट दिसते. मालवणी मात्र लिहिण्यापेक्षा आजोबांच्या आवाजात ऐकवावी. तो आवाज इंटरनेटवर टाकण्याआधी त्यांना स्पष्ट विचारा. गावच्या देवाचं, गाऱ्हाण्याचं काही गेममध्ये आणायचं असेल तर गावातल्या मानकऱ्यांनाही विचारा, आणि ते नको म्हणाले तर सोडून द्या.

फीबद्दल: नोकरीची खात्री कुणीच देणार नाही, मीही नाही. पण काम मागायला जाताना पूर्ण केलेला एक छोटा गेम आणि तो खेळणाऱ्यांमुळे कसा बदलत गेला याची टिपणं तिच्या हातात असली, तर दाखवायला काहीतरी भक्कम असेल. तेव्हा "पुढे काय?" हे रोज विचारू नका. नवीन आवृत्ती झाली की मागून घ्या आणि स्वतः खेळा.

आजोबांना पाठवायची आवृत्ती नेटशिवाय चालणारी हवी, अक्षरं मोठी, आणि सुरुवातीलाच तिथी विचारणारी.